मानपानात एक गोलकीपर

नवीन पनवेल
६ डिसेंबर

व्याही कमळाकरराव यांस,

सप्रेम नमस्कार लिहिणार होतो. पण काल आपल्या संघाने सहा गोल खाल्ले, म्हणून नुसता नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही चक्रावाल. साखरपुड्याच्या संध्याकाळी हॉकीवरून आपण फोनवर जे काही बोललो, त्यानंतर विश्वजीतने माझ्या फोनमधून तुमचा नंबर काढला आणि तुमच्या समृद्धीने तुमच्या फोनमधून माझा. लग्न लागेपर्यंत दोन्ही बापांनी एकमेकांना फोन करायचा नाही, असं मुलांनी ठरवलं आहे. कागदाबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. जे मना केलेलं नाही ते चालतं, एवढं मला नोकरीने शिकवलं.

पत्र तुमच्या बहिणीच्या, गंगाबाईंच्या हाती देतो आहे. बुधवारी आणि शुक्रवारी त्या आमच्या सोसायटीत मासळी आणतात. भाऊ हॉकी संघाचा मालक असून त्या अजून टोपली घेऊन फिरतात, हे पाहून मला तुमच्या घराण्याबद्दल आदर वाटतो. तो मैदानावर गेलो की कमी होतो.

संघाचं नाव तुम्ही ‘पनवेल खंड्या’ ठेवलंत. खंड्या मी आपटा गावी पाताळगंगेच्या काठी बसून पाहिला आहे. तोही चुकतो. पण चुकून फांदीवर परत आला की निदान ओशाळलेला दिसतो. आपला गोलकीपर, तो भावेश कोळी, काल पाचव्या गोलानंतर हेल्मेट काढून पाणी प्यायला आणि सहाव्याची वाट पाहत उभा राहिला.

आता मुद्दा. हुंडा आम्ही घेत नाही, मागत नाही. विश्वजीतला अंगठी नको, रमाला पैठणी नको, मला सूट नको. मुलाकडचा म्हणून माझा एकच मान ठेवा. गोलकीपर बदला. ओडिशाचा तो राखीव मुलगा दोन वर्षं बाकावर बसून आहे. त्याला एकदा उभा करा. पुढच्या फळीबद्दलही बोलायचं आहे, पण एका लग्नात एकच मागणी बरी.

आपला,
दीनानाथ

ता. क. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये लोक ‘शेठ, जाळं शिवा’ अशी घोषणा देतात. ती मला पसंत नाही. खोटी आहे असंही म्हणवत नाही.


उरण
१० डिसेंबर

दीनानाथराव,

पत्र मिळालं. बोंबलाचा वास होता, त्यामुळे घरचंच वाटलं. पाकीट उघडून परत चिकटवलेलं होतं. आक्का सगळं वाचते. पुढच्या वेळी चिकटवू नका, तिचा वेळ वाचेल.

मुलाकडचे लोक रुसतात, मागतात, जेवणात खडे काढतात. याची तयारी ठेवूनच मी मुलगी दिली. किशोरीने तर तुमच्यासाठी रुसायला वेगळी खोली बघून ठेवली आहे, ए.सी.ची. पण मुलाकडच्यांनी गोलकीपर मागितल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल.

मला हॉकीतलं कळत नाही, हे तुम्ही फोनवर चार वेळा सांगितलंत. खरं आहे. मला कंटेनर कळतो. न्हावा शेव्याला माझे ट्रेलर उभे असतात. तिथे जे आत जातं ते बाहेर येतं. तुमच्या खेळात एकदा आत गेलं की मोजतात. संघ मी का घेतला, तर उरणचा माणूस मालकाच्या खुर्चीत बसलेला टीव्हीवर दिसावा म्हणून. दिसलो. मागे पाटीवर शून्य–सहा होतं.

आता माझा मुद्दा. सुरतचा एक कापडवाला संघ मागतो आहे. यंदा आपण तळाला राहिलो तर त्याला द्यायचा, असा शब्द मी दिला आहे. तो संघ सुरतेला नेईल. शिव्या ऐकून मी थकलो, दीनानाथराव. ट्रेलरवाल्याला शिव्यांचं काही नसतं, पण त्या समोरासमोर असतात, आणि तो परत देऊ शकतो. स्टँडमधल्या चार हजार माणसांना मी एकटा काय देणार?

गोलकीपर बदलणार नाही. कारण विचारू नका. दुसरं काहीही मागा. क्रेन मागा.

कमळाकर


नवीन पनवेल
१३ डिसेंबर

कमळाकरराव,

क्रेन नको. आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला जागा नाही.

सुरतेचं वाचून मला रात्रभर झोप आली नाही. रमा म्हणाली, सून येणार म्हणून जागे आहात का? मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिने तुमच्या किशोरीताईंना फोन केला असता. बायकांना फोनबंदी नाही.

तुम्ही उरणचे. तुमच्या गावाला समुद्र आहे, मोऱ्याचा धक्का आहे, लोक तिथे मुद्दाम येतात. पनवेलचं तसं नाही. तीस वर्षं मी इथे राहतो. पनवेल हे नाव लोक एसटीच्या पाटीवर वाचतात, गाडी बदलतात आणि पुढे जातात. गोव्याला जाणारा इथे चहा पितो, चहाला नावं ठेवतो आणि जातो. दोन वर्षांपूर्वी तुमचा संघ आला तेव्हा पहिल्यांदा लोक पनवेलला उतरण्यासाठी उतरले. आपण त्या सामन्यातही हरलो. तरी परतताना रिक्षावाला मला म्हणाला, ‘काका, आपली फॉरवर्ड लाइन झोपली होती.’ आपली, म्हणाला. या गावात कुणी कशाला आपलं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते तुम्ही सुरतेच्या कापडात गुंडाळून देणार?

भावेशबद्दल पुन्हा लिहितो, क्षमा असावी. मी बँकेच्या संघात लेफ्ट हाफ होतो. गोलकीपर किती प्रकारे चुकू शकतो याचा मला अंदाज होता. या माणसाने तो खोटा ठरवला. चेंडू उजवीकडे आला की हा डावीकडे जातो, आणि चेंडू सरळ आला की हा बाजूला होतो, वाट देतो, जणू चेंडू वयाने मोठा आहे. हा नक्की कुणा आमदाराचा भाचा असणार. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी समजून घेईन. नसेल तर त्याला घरी पाठवा. त्याच्या आईला तरी सामना बघवतो का?

आपला,
दीनानाथ

ता. क. आज गंगाबाईंनी बोंबील शिळे दिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भावही केला नाही, पिशवीत टाकले आणि वरच्या मजल्यावर गेल्या. तब्येत बरी नसावी. पाकीट तुमच्या सूचनेप्रमाणे उघडं ठेवलं आहे.


उरण
१७ डिसेंबर

दीनानाथराव,

तब्येत ठणठणीत आहे.

भावेश तिचा मुलगा. आमदाराचा नाही, माझा भाचा. साखरपुड्याला तो संघाबरोबर शिबिराला गेला होता म्हणून तुम्ही त्याला घरात पाहिला नाही. आणि आडनावावरून तुम्हाला कळेल असं मला वाटलं नाही, कारण आमच्या निम्म्या गावाचं आडनाव कोळी आहे.

तुमची दोन्ही पत्रं तिने वाचली. ‘त्याच्या आईला तरी’ हे तिने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. रागावली का, ते कळलं नाही. तिचं तोंड वाचता आलं असतं तर मी आज कुठे असतो.

आता कारण विचारलंतच तर ऐका. बाप गेला तेव्हा मी सातवीत होतो. आक्काने टोपली उचलली आणि मला शाळेत ठेवलं. मी पहिला ट्रेलर घेतला त्या दिवशी तिला म्हटलं, आता टोपली ठेव. ती म्हणाली, ‘मग सकाळी उठून काय करू?’ घर देऊ केलं, घेतलं नाही. सोनं दिलं, ते तिने समृद्धीच्या गळ्यात घातलं. संघ घेतला तेव्हा भावेश मैदानावर हॉकी खेळायचा. मी तिला म्हटलं, भावेशला गोलात उभा करतो. ती म्हणाली, ‘बरं.’ आयुष्यात माझ्याकडून तिने घेतलेली ती एकच गोष्ट.

ती मी परत कशी मागू? सुरतवाला संघ नेईल तेव्हा भावेशही बाहेर पडेल, पण ते सुरतवाल्याने केलेलं असेल. मी नाही.

तुमचा मान मला ठेवायचा आहे. तिचा त्याहून जास्त.

कमळाकर


नवीन पनवेल
१८ डिसेंबर

कमळाकरराव,

हे पत्र पोस्टाने पाठवतो आहे. कारण उघड आहे.

मी आज सकाळी खाली गेलो. गंगाबाई पायरीवर बसून मांदेली निवडत होत्या. वाक्य तयार करून गेलो होतो, चांगलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘किती देऊ?’ मी म्हटलं, ‘अर्धा किलो.’ रमाने आधीच सुरमई आणली होती.

माझी मागणी मागे घेतो. भावेशला राहू द्या. आपण तळाला जाऊ, संघ सुरतेला जाईल, आणि मी रविवारी रमाबरोबर मॉलमध्ये जाईन. तिथे सरकत्या जिन्यावर उभं राहायचं असतं, असं ऐकतो.

दीनानाथ


उरण
७ जानेवारी

दीनानाथराव,

पोस्टाचं पत्र काल मिळालं. एवढ्या दिवसांत माझा कंटेनर कोलंबोला जाऊन परत येतो.

मधल्या काळात आपण तीन सामने हरलो, ते तुम्हाला ठाऊकच असेल. दोन उरले आहेत. आपण तळाला. सुरतवाला रोज सकाळी मला फुलांचं चित्र पाठवतो.

लग्न एकोणीसला. तुम्ही काही मागत नाही म्हणून किशोरीला धास्ती बसली आहे. तिचं म्हणणं, मुलाचा बाप इतका गप्प असेल तर ऐन मांडवात काहीतरी काढेल. निदान एखादी पैठणी मागा, तिला बरं वाटेल.

समृद्धीला भाऊ नाही. त्यामुळे नवरदेवाचा कान पिळायला भावेश उभा राहील. तो मान त्याचा आहे. तुम्ही मांडवात हॉकी हा शब्द काढायचा नाही. गोल हा शब्दही नाही. लाडू गोल झालेत, असंही म्हणू नका. आक्का तुमच्या तोंडाकडे बघत असेल.

कमळाकर


नवीन पनवेल
२२ जानेवारी

कमळाकरराव,

लग्न लागलं, फोनबंदी उठली. तरी लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलाल. पत्र आधी गंगाबाईंना वाचून दाखवलं आहे आणि मग त्यांच्या हाती दिलं आहे.

कान पिळायच्या वेळी तुम्ही मांडवात नव्हता. हॉलच्या गल्लीत ट्रेलर अडकून पाहुण्यांच्या गाड्या खोळंबल्या होत्या, आणि ट्रेलर तुमचाच निघाल्यामुळे ड्रायव्हरला शिव्या द्यायला तुम्हालाच जावं लागलं. म्हणून काय झालं ते सांगतो.

भटजींनी कानपिळ्याला बोलावलं. भावेश आला. तो इतका उंच आहे, हे मला स्टँडमधून कधी जाणवलं नव्हतं. त्याने विश्वजीतचा कान धरला, पिळला, आणि सोडला नाही. लोक हसले. विश्वजीतही हसला, मग हसायचा थांबला. मी गप्प होतो, कमळाकरराव. यंदाच्या मोसमात त्याच्या हातात पहिल्यांदा काहीतरी टिकलं होतं, आणि ते माझ्या मुलाचं होतं, तरी मी गप्प होतो. तुमची ताकीद होती.

मी रीतीप्रमाणे पुढे झालो. नवीन शर्टपीस आणि घड्याळ देऊ केलं. तो म्हणाला, ‘हे नको.’ मी म्हटलं, ‘मग काय पाहिजे ते माग बाबा. कान सोड, देतो.’ सगळ्या मांडवासमोर बोललो. रमा साक्षीला आहे.

तो म्हणाला, ‘काका, मला गोलातून काढा.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, ‘मला चेंडूची भीती वाटते. पहिल्यापासून. मैदानावर मी पोरांना बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचो, तेवढंच. मामाने एकदम गोलात उभा केला. मामाला सांगायचं तर आईला वाईट वाटेल. तिला वाटतं, भावाने एवढं दिलंय.’

गंगाबाई मागेच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. तुम्ही लिहिलंत की त्यांचं तोंड वाचता येत नाही. मला त्या दिवशी आलं. त्या म्हणाल्या, ‘तुमीच सांगा कमळाकरला. माझ्यानं नाय सांगवत. त्यानं हौसेनं दिलेली जागा हाय. मी सामन्याला येते आनि डोळं मिटून बसते.’ मग म्हणाल्या, ‘लोकांचा ओरडा ऐकून कळतं, गेला म्हनून.’

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. कानपिळ्याने मागितलेलं नाकारायचं नसतं. शब्द मी दिला आहे. वस्तू तुमच्याकडे आहे. मुलाकडचा मी आहे, आणि देणं तुमच्यामार्फत लागतं आहे. भटजींना विचारलं, ते म्हणाले, याला शास्त्रात काही आधार नाही, पण द्या.

आपला,
दीनानाथ

ता. क. विश्वजीतचा कान अजून लाल आहे. समृद्धी म्हणते, शोभतो.


उरण
२८ जानेवारी

दीनानाथराव,

मी मोऱ्याला गेलो. आक्का दारात बसून कोयत्यावर मासे कापत होती. पत्र तिनेच मला दिलं आणि मी वाचेपर्यंत कापत राहिली.

मी म्हटलं, ‘तू दोन वर्षं बोलली का नाहीस?’

‘तू इचारलंस कधी?’

‘मी म्हटलं होतं, भावेशला उभा करतो. तू बरं म्हणालीस.’

‘तुझं तोंड बघून म्हटलं. लहानपनी तू शिंपले आनून द्यायचास ना, तसं तोंड केलं होतंस. नको कसं म्हननार?’

नंतर आम्ही दोघं हसलो. बराच वेळ. शेजारीण बघायला आली, कोण गेलं म्हणून.

शनिवारी तुमचा ओडिशाचा मुलगा उभा राहिला. आपण शून्य–एक हरलो. किशोरीने विचारलं, बाकीचे गोल कुठे गेले? मी म्हटलं, एवढेच आहेत. तिला फसवल्यासारखं वाटलं.

आता रविवारचा एकच सामना उरला. हरलो तर तळाला, आणि संघ सुरतेला. बरोबरी झाली तरी एका गुणाने वर. सुरतवाला सामना बघायला येतो आहे.

तुम्ही लग्नात काहीच घेतलं नाहीत, हे आमच्याकडे चालत नाही. म्हणून मुलाकडच्यांचा मान म्हणून रविवारी माझी खुर्ची तुम्हाला. मालकाची, मखमली. कॅमेरा तिच्याकडेच असतो, नाकात बोट घालू नका. मी पूर्वेच्या स्टँडमध्ये बसेन. तिथून कसं दिसतं, ते मी एकदाही पाहिलेलं नाही.

‘जाळं शिवा’ ही घोषणा कुणी काढली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या सुनेने सांगितलं, तेव्हा ती सून नव्हती. माझा बाप जाळी शिवायचा. खाल्लेल्या सगळ्या शिव्यांत तेवढीच मला कामाची वाटली.

कमळाकर


नवीन पनवेल
४ फेब्रुवारी

कमळाकरराव,

सप्रेम नमस्कार.

सामना तुम्ही पाहिलात, पण समोरून. मी तुमच्या बाजूने सांगतो.

खुर्ची मऊ आहे आणि तिच्यात बसून काहीही करता येत नाही. लेफ्ट हाफ जागा सोडून पुढे गेला तेव्हा मी ओरडलो, तर शेजारच्या सुरतवाल्याने मला लिमलेटची गोळी दिली. त्याला वाटलं, ठसका लागला. कॅमेरा आला. तुम्ही कसं तोंड करून बसता, ते आठवून तसं केलं. आता कळलं, ते तोंड उद्दामपणाचं नव्हतं. त्या खुर्चीत दुसरं कुठलं तोंड होतच नाही.

मध्यंतराला शून्य–शून्य होतं. आपण अजून एकही गोल खाल्ला नव्हता. तरी पूर्वेचा स्टँड सवयीने सुरू झाला. ‘शेठ, जाळं शिवा.’ मी पाहिलं, ढोल भावेशच्या गळ्यात होता. पॅड नाहीत, हेल्मेट नाही. तो असा वाजवत होता की मी दोन वर्षांत त्याला इतकं हलताना पाहिलेलं नाही. त्याच्या शेजारी तुम्ही उभे होता, आणि तोंड तुमचंही उघडं होतं. तुमच्या बाजूला गंगाबाई, हात वर करून. चार हजार माणसं माझ्याकडे बघत होती.

चाल बरी आहे. शब्द माझेच आहेत, पण जरा लागतात.

शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, तेव्हा मी डोळे मिटले. हे मी गंगाबाईंकडून शिकलो. ओरड्याची वाट पाहत बसलो. ओरडा आला, पण वेगळा होता. डोळे उघडले तर चेंडू ओडिशावाल्याच्या पॅडला लागून बाहेर गेला होता आणि सुरतवाला गोळ्यांचा पुडा खिशात ठेवत होता.

शून्य–शून्य. साठ मिनिटं दोन्ही बाजूंनी कुणालाच काही जमलं नाही. इतका सुंदर सामना मी पाहिलेला नाही. तळापासून दुसरे आलो आहोत. रिक्षावाला म्हणाला, ‘काका, आपण वाचलो.’

खुर्ची परत घ्या. मला माझी फळी द्या, पूर्वेकडची, खिळा वर आलेली. तिथे तुम्ही बसला होता असं कळलं. खिळ्याबद्दल आधी सांगायला हवं होतं.

आता लग्नाची मागणी एक झाली, दुसरी काढत नाही. पण पुढच्या मोसमाआधी सेंटर फॉरवर्डबद्दल बोलावं लागेल. तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर गेला की पत्ता विचारायला आल्यासारखा उभा राहतो.

आपला,
दीनानाथ


मोरा, उरण
६ फेब्रुवारी

दीनानाथभाऊ,

कमळाकर म्हनतो, तूच उत्तर लिही, नायतरी सगळं तूच वाचतेस. म्हनून लिहिते. शिक्षन चौथी, चुकलं तर हसू नका.

सुरतवाल्याला नाय म्हनून कळवलं. तो भला मानूस, त्याने समृद्धीला साडी पाठवली. कमळाकरची पँट खिळ्याला फाटली. त्याच पँटीत तो गावात फिरतो नि सगळ्यांना दाखवतो.

भावेशचा आवाज बसलाय. भात दोन वेळा मागून घेतो. दोन वर्सं तो नीट जेवत नव्हता, ते मी कमळाकरला कशी सांगनार होते. तुमी त्याला नावं ठेवलीत, ती खरीच होती. तरी त्या दिवशीचे बोंबील मी मुद्दाम दिले. ते असूं द्या, फिटलं.

आता फोन करा. माझी टोपली मासळीची हाय, टपालाची नाय.

त्या सेंटर फॉरवर्डचं कमळाकरला काय लिहू नका, बोलू पन नका. तो किशोरीचा भाचा हाय. ते मी बघते, पन जरा टाइम लागंल.

उद्या शुक्रवार. पापलेट आनते. ताजं हाय.

गंगाबाई